काचेचा डोळा खरेच काचेचा असतो का?

पुण्याहून रेल्वेने सोलापूरकडे निघाले, की भिगवण मागे पडल्यावर आणि कुर्डुवाडी येण्याआधी जेऊर लागते. हे करमाळा तालुक्यातले गाव. हा मुलूख मूळचा जिरायती, ज्वारीचा. उजनी धरणाचे पाणी आल्यावर आसपास ऊस आणि केळीही दिसू लागली. गेल्या वर्षी शाळू काढणीच्या दिवसांत आम्ही तेथे एका शिक्षकस्नेह्यांकडे उतरलो होतो. त्यांच्या सातवीच्या वर्गात एक मुलगी आहे. दोन वर्षांपूर्वी कडब्याच्या पेंढ्या उचलताना वाळलेल्या धाटाचे टोक तिच्या डोळ्याला लागले. पहिले काही दिवस घरगुती उपायांत गेले, जखम चिघळली आणि अखेर डोळा काढावा लागला. आता तिने कृत्रिम डोळा बसवला आहे. वर्गात त्याची कुजबूज होते. मुलांनी गुरुजींना तीन प्रश्न विचारले होते: तो डोळा खरेच काचेचा असतो का? फुटला तर काय? आणि त्याने दिसते का?

गुरुजींनी ते प्रश्न आमच्याकडे सरकवले. तिसऱ्याचे उत्तर आम्ही लगेच दिले, ‘दिसत नाही.’ पहिल्या दोहोंसाठी मात्र आम्हाला बरेच मागे जावे लागले. त्या शोधात जे हाती आले ते येथे मांडतो.

दिसत नाही, मग कशासाठी?

आपल्या भाषेत ‘दिसणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. ‘मला दिसते’ म्हणजे मी पाहू शकतो. ‘तो बरा दिसतो’ म्हणजे इतरांना तो तसा वाटतो. कृत्रिम डोळ्याचा संबंध फक्त दुसऱ्या अर्थाशी आहे. तो पाहत नाही. लोकांनी आपल्या चेहऱ्याकडे न दचकता पाहावे, म्हणून तो घालायचा असतो.

पण त्याचे काम एवढ्यावरच संपत नाही. डोळा काढल्यावर कवटीतली खोबण रिकामी होते. आधार नसल्याने पापण्या आत ओढल्या जातात, अश्रू नीट वाहून जात नाहीत आणि स्राव साचतो. लहान मुलांत आणखी एक प्रश्न असतो. खोबणीच्या हाडांची वाढ आतल्या डोळ्याच्या वाढीबरोबर होत असते. आत काहीच नसेल तर ती बाजू खुजी राहते आणि चेहरा वाकडा दिसू लागतो. म्हणून मुलांना डोळा लवकर बसवतात आणि वाढत्या वयानुसार बदलत राहतात. हा नुसता नट्टापट्टा नाही, उपचाराचाच भाग आहे.

सोन्याच्या रेषा आणि व्हेनिसची काच

ही गरज फार जुनी आहे. इराणमधील शहर-ए-सोख्ता या प्राचीन नगराच्या उत्खननात २००६ साली एका स्त्रीचा सांगाडा सापडला. तो सुमारे ४८०० वर्षांपूर्वीचा आहे. तिच्या डाव्या खोबणीत डांबरासारख्या हलक्या पदार्थाचा अर्धगोल होता आणि त्यावर सोन्याच्या बारीक रेषा होत्या. तो खरा डोळा वाटावा असा हेतू त्यात दिसत नाही. तो बहुधा दागिन्यासारखा मिरवला जात असावा.

खऱ्यासारखा डोळा हवा, ही अपेक्षा पुढे आली. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यवैद्य आंब्रवाझ पारे यांनी दोन प्रकार वर्णिले आहेत. एकात चामड्यावर डोळा रंगवून तो धातूच्या पट्टीने डोक्याला बांधायचा. दुसऱ्यात सोन्याचांदीची, मिनाकाम केलेली वाटी पापण्यांच्या आत बसवायची. धातूची वाटी जड आणि महाग पडे. त्याच शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या कारागिरांनी काचेचे डोळे बनवण्यास सुरुवात केली. ते वजनाला हलके होते, पण कडा बोचत आणि ते लवकर फुटत. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत या कामाचे केंद्र पॅरिसला सरकले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. त्या काळी डोळा शस्त्रक्रियेने संपूर्ण काढण्याची सोपी पद्धत नव्हती. काचेची वाटी बहुधा खराब होऊन आक्रसलेल्या डोळ्यावरच बसवत. डोळ्याभोवतीचे स्नायू एकेक करून सोडवायचे आणि डोळा बाहेर घ्यायचा, ही पद्धत १८४१ च्या सुमारास डब्लिन आणि ल्यों येथील शल्यवैद्यांनी मांडली. निकामी आणि दुखरा डोळा वेळेवर काढणे का महत्त्वाचे असते, ते लुई ब्रेल यांच्या उदाहरणावरून कळते. १८१२ साली तीन वर्षांच्या लुईच्या एका डोळ्यात वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यातले हत्यार घुसले. काही काळाने त्याचा दुसरा, धडधाकट डोळाही गेला. जखमी डोळ्यामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा कधीकधी दुसऱ्या डोळ्यावरही उलटते, हे आज आपल्याला माहीत आहे.

बाहुल्यांच्या गावात

डोळ्याच्या मधल्या काळ्या ठिपक्याला आपण ‘बाहुली’ म्हणतो. समोरच्याच्या डोळ्यात आपली इवलीशी प्रतिमा दिसते, ती बाहुलीसारखी. लॅटिन भाषेतल्या याच अवयवाच्या शब्दाचा अर्थही ‘छोटी बाहुली’ असाच आहे. गंमत अशी, की माणसाचा उत्तम काचेचा डोळा घडला तोही बाहुल्यांच्याच गावात.

जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात लाउशा नावाचे डोंगरातले गाव आहे. १५९७ पासून तेथे काचेची भट्टी चालत आली. खेळण्यातल्या बाहुल्यांचे आणि भुसा भरलेल्या प्राण्यांचे डोळे तेथील घराघरांत बनत. लुडविग म्युलर-उरी हा त्यांतलाच एक कारागीर. १८३५ साली एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याने माणसाचे डोळे करून पाहिले. फ्रेंच डोळ्यांची बरोबरी साधायला त्याला बरीच वर्षे लागली. खरी अडचण काचेची होती. डोळ्यातल्या अश्रूंत क्षार असतात. नेहमीची पांढरी काच त्यांच्या सततच्या संपर्कात खडबडीत होते आणि पापणीला आतून घासू लागते. १८६८ च्या सुमारास लाउशात क्रायोलाइट मिसळलेली काच वापरात आली. क्रायोलाइट हे सोडियम, अ‍ॅल्युमिनियम आणि फ्लोरीन यांचे संयुग. ते त्या काळी ग्रीनलंडमधील खाणीतून येई. या काचेला डोळ्याच्या पांढऱ्या भागासारखी मंद, किंचित करडी झाक असते आणि ती अश्रूंपुढे अधिक टिकते.

हा डोळा कसा बनवतात ते पाहू. पांढऱ्या काचनळीचा तुकडा ज्योतीवर तापवून आणि फुंकून त्याचा गोळा करतात. त्याच्या टोकावर रंगीत काचकांड्यांच्या टोकांनी बुबुळाचे रंग ठिपक्याठिपक्याने चढवतात. मध्यभागी काळ्या काचेचा थेंब ठेवतात, ती बाहुली. त्यावर पारदर्शक काचेचा थर येतो. त्यामुळे डोळ्याला खोली आल्यासारखी वाटते. तांबड्या काचेचे केसासारखे बारीक धागे वितळवून रक्तवाहिन्या काढतात. शेवटी मागचा भाग वितळवून गोळ्याची वाटी करतात आणि ती सावकाश निवू देतात. समोर बसलेल्या माणसाच्या दुसऱ्या डोळ्याकडे पाहत, कुशल कारागीर हे काम तासाभरात उरकतो.

कंदिलाची काच आणि डोळ्याची काच

‘सावकाश निवू देतात’ हे शब्द आम्ही मुद्दाम वापरले. ज्यांनी कंदिलाखाली अभ्यास केला आहे, त्यांना तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की काय होते ते ठाऊक आहे. काचेचा थेंबाखालचा भाग एकदम आकुंचन पावतो, बाजूचा तापलेलाच राहतो आणि ताण सहन न होऊन काच तडकते. डोळ्यात तर पांढरी, निळी, तपकिरी, काळी, तांबडी आणि पारदर्शक अशा अनेक काचा एकमेकींत वितळलेल्या असतात. त्या सगळ्यांचे प्रसरण आणि आकुंचन सारख्या प्रमाणात झाले नाही, तर डोळा थंड होतानाच तडकणार. म्हणून या काचेची ‘पाककृती’ फार नेमकी असावी लागते.

महाराष्ट्राला काचेची विद्या अपरिचित नव्हती. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि त्या निधीतून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. १९१६ साली ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला आणि कराडजवळच्या ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघर पोचला. कंदिलाची काच आणि डोळ्याची काच दोन्ही फुंकूनच बनतात. पण एक हजारांच्या संख्येने एकाच मापात काढायची असते, तर दुसरी एकेका माणसापुरती. ती दुसरी विद्या जर्मनीत मोजक्या घराण्यांत बापाकडून मुलाकडे जात राहिली. जग त्या घराण्यांवर अवलंबून राहिले.

आपल्याकडे डोळे कशाने जात?

आमच्या आजीच्या पिढीत एका डोळ्याने अधू माणूस गावोगाव दिसे. त्याच्या चेहऱ्यावर बहुधा वण असत. ते देवीचे वण. देवीचा फोड बुबुळावर उठला, की तेथे ‘फूल’ पडे किंवा डोळाच बसून जाई. डोळे वाचावेत म्हणून आई देवीला चांदीचे डोळे वाहण्याचा नवस बोले. वास्तविक उपाय जवळ येऊन ठेपला होता. भारतातली पहिली देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईतच, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तेथून रोग संपायला पावणेदोनशे वर्षे लागली. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला, १९७७ साली भारत देवीमुक्त ठरला आणि १९८० साली सारे जग.

देवीबरोबर खुपऱ्या होत्या आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रातांधळेपणा होता. हा अभाव वाढला, की मुलाचे बुबुळ कोरडे पडून विरघळते. १९७० पासून देशात लहान मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. लस, डोस आणि स्वच्छ पाणी यांनी जितके डोळे वाचवले, तितके कोणताही कारागीर घडवू शकला नसता. कृत्रिम डोळ्याच्या इतिहासातले हे प्रकरण सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

युद्धाने काच तोडली

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतून येणारे डोळे आणि काच दोन्ही बंद झाले. इकडे रणांगणावर डोळे गमावणाऱ्या सैनिकांची संख्या वाढत होती. अमेरिकी सैन्यातील दंतवैद्यकाच्या तंत्रज्ञांनी १९४३-४४ च्या सुमारास यावर वाट काढली. दातांच्या कवळ्या बनवण्यासाठी ते अ‍ॅक्रिलिक हे प्लास्टिक वापरत होते. हिरड्यांचा साचा घ्यावा तसा त्यांनी खोबणीचा साचा घेतला आणि त्यात त्याच प्लास्टिकचा डोळा ओतला. तो पडून फुटत नव्हता, घासून दुरुस्त करता येत होता आणि वर्षानुवर्षे टिकत होता. युद्ध संपले तेव्हा बहुतेक देशांत काचेची सद्दी संपत आली होती. जर्मनीत मात्र आजही बहुसंख्य लोक काचेचाच डोळा वापरतात आणि वर्षा-दोन वर्षांनी बदलतात.

याच प्लास्टिकची एक शाखा दृष्टीपर्यंत पोचली. ब्रिटिश लढाऊ विमानांची छत्रे पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची असत. गोळीने छत्र फुटले, की त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यात घुसत. हॅरल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञांच्या लक्षात आले, की काही डोळ्यांत हे कण राहूनही दाह होत नाही. त्यांनी विचार केला, की मग याच पदार्थाचे भिंग डोळ्यात का बसवू नये? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनमध्ये त्यांनी मोतीबिंदूच्या रुग्णावर तशी पहिली शस्त्रक्रिया केली. आज आपल्या घरातल्या आजोबांच्या डोळ्यात जे भिंग बसते, त्याचा हा पूर्वज.

तेव्हा जेऊरच्या मुलांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: शब्द काचेचा राहिला, वस्तू बदलली. भारतात आज जो ‘काचेचा डोळा’ बसवतात तो बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकचा असतो. आणि दुसऱ्याचे उत्तर: तो सहसा फुटत नाही, पण ओरखडे पडतात.

आजचा डोळा

बाजारात तयार डोळेही मिळतात. ठरावीक मापांतून जवळचा निवडायचा, म्हणजे तयार चप्पल घेण्यासारखे. मापाचा डोळा अधिक चांगला. त्यासाठी खोबणीत मऊ पदार्थ भरून ठसा घेतात, मेणाचा नमुना बसवून पाहतात, पापणी किती उघडते ते तपासतात आणि मग साच्यात पांढरे अ‍ॅक्रिलिक गरम पाण्यात कडक करतात. बुबुळ हाताने रंगवतात, रक्तवाहिन्यांसाठी तांबड्या रेशमाचे धागे चिकटवतात आणि वर पारदर्शक थर चढवतात. दंतवैद्यक महाविद्यालयांतील कृत्रिम दंत विभागांतही हे काम होते. दाताच्या दवाखान्यात डोळा का मिळतो, याचे उत्तर त्या युद्धकाळात आहे.

डोळा काढताना शल्यवैद्य खोबणीत एक गोल बसवून त्याला स्नायू जोडतात. १८८५ च्या सुमारास मँचेस्टरचे म्यूल्स यांनी यासाठी पोकळ काचेचा गोळा वापरला होता. आता सच्छिद्र पदार्थांचे किंवा प्लास्टिकचे गोल वापरतात. त्यामुळे वरची वाटी थोडीफार हलते. ती रोज काढण्याची गरज नसते. हात धुऊनच तिला हात लावावा, साध्या साबणाने धुवावी, स्पिरिट लावू नये, वर्षातून एकदा घासून चकचकीत करून घ्यावी आणि साधारण पाच वर्षांनी बदलावी. खोबणीतून पू येऊ लागला किंवा वेदना होऊ लागल्या, तर डॉक्टरांकडे जावे.

पूर्ण डोळ्याचे रोपण करून दृष्टी मिळवण्याचे काम अजून साधलेले नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये एका माणसाला चेहऱ्यासह पूर्ण डोळा बसवण्यात आला. डोळा जगला, पण दृष्टी आली नाही. नेत्रदानात रोपण होते ते फक्त बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचे. ‘मृताचा चेहरा विद्रूप होईल’ या भीतीने अनेकजण नेत्रदान नाकारतात. प्रत्यक्षात डोळा काढल्यावर तेथे प्लास्टिकची वाटी किंवा कापूस ठेवून पापण्या मिटतात. तेथेही कृत्रिम डोळ्याचे साधे रूप उपयोगी पडते.

वर्गात करून पाहा

एका डोळ्याने जगताना दोन गोष्टी कमी होतात. दोन्ही डोळ्यांनी मिळून आडवे दृष्टिक्षेत्र सुमारे १८० अंश असते. एका डोळ्याने ते सुमारे १५० अंश राहते. आणि दोन डोळ्यांना दिसणाऱ्या किंचित वेगळ्या प्रतिमांवरून मेंदू जे अंतर ठरवतो, ते साधन हातचे जाते. सुरुवातीला चहा कपाबाहेर ओतला जातो, पायरी चुकते, सुईत दोरा जात नाही. काही महिन्यांत मेंदू सावल्या, आकारमान आणि हालचाल यांवरून अंतर ओळखायला शिकतो.

हा प्रयोग मुलांकडून करून घ्यावा. एका हातात पेन समोर धरावे, दुसऱ्या हातातले टोपण बाजूने आणून एका झटक्यात बसवावे. दोन्ही डोळ्यांनी दहा वेळा, एक डोळा झाकून दहा वेळा. फळ्यावर कोष्टक करावे. मग एक डोळा झाकून, पण डोके थोडे इकडेतिकडे हलवत पुन्हा दहा वेळा.

अशा मुलाला कोठे बसवावे हेही ठरवता येते. डावा डोळा नसेल तर वर्गाच्या डाव्या बाजूला बसवावे, म्हणजे फळा आणि वर्ग दोन्ही दिसत्या बाजूला येतात. उजवा नसेल तर उलट. उरलेला डोळा सोन्यासारखा जपायचा आहे. नंबर नसला तरी न फुटणारा, पॉलिकार्बोनेटच्या भिंगांचा चष्मा घालायला लावावा. अपंगत्वाचे प्रमाण मोजताना चांगला डोळा धरला जातो, त्यामुळे अशा मुलांना सवलतींसाठी लागणारे ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र सहसा मिळत नाही. त्यांना आधार द्यायचा तो शाळेनेच.

आणि असा प्रसंगच येऊ नये म्हणून एवढे सुगीआधी फळ्यावर लिहावे: कुसळ गेले तर डोळा चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावा. चुना उडाला तर क्षणभरही न थांबता भरपूर पाण्याने बराच वेळ धुवत राहावे आणि मग दवाखाना गाठावा. टोकदार वस्तू घुसली तर ती उपसू नये, डोळा दाबू किंवा धुऊ नये. वर पेला उपडा बांधून थेट नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. ज्वारीचे किंवा उसाचे पाते लागून डोळा लाल झाला, तर दूध, तूप किंवा दुकानातून आणलेले कोणतेही थेंब घालू नयेत. अशा जखमेत बुरशी वाढते आणि काही थेंबांनी ती अधिकच फोफावते.

‘कानाडोळा करणे’ आणि ‘झारीतला शुक्राचार्य’ हे वाक्प्रचार आपण वर्गात सहज वापरतो. वापरायला हरकत नाही. पण ‘काणा’ हा शब्द शिवी म्हणून कोणाच्या पाठीमागे फिरत असेल, तर त्याकडे मात्र कानाडोळा करू नये.

जेऊरच्या गुरुजींचे पत्र नंतर आले. त्यांनी टोपणाचा प्रयोग घेतला. त्या मुलीला त्यांनी पुढे बोलावले नव्हते. ती स्वतःच उठली. एक डोळा झाकलेल्या मुलांना दहातले चार-पाच जमत होते, तिने आठ केले. कसे जमले, असे कोणी तरी विचारले. ती म्हणाली, “डोकं जरा हलवायचं, मग कळतं.” त्या दिवशी कुजबूज करणारी मुले तिच्याकडून डोके कसे हलवायचे ते शिकत होती.